‘फ्रॉम एल्विस इन मेम्फिस’: अल्बम एल्विसचा की चिप्स मोमनचा?

टेपडेक

गेले पंधरा दिवस ऑफिसला जाता-येता एकच अल्बम ऐकतोय. एल्विस प्रेस्लीचा ‘फ्रॉम एल्विस इन मेम्फिस’. जून १९६९, बारा गाणी. इथे जुन्या इंग्रजी गाण्यांचे दर्दी बरेच आहेत, म्हणून धागा काढतोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. साठच्या दशकात एल्विस सिनेमात अडकला होता. वर्षाला तीन-तीन सिनेमे आणि त्यांत घुसडलेली गाणी. ज्या माणसाने १९५६ मध्ये अख्ख्या अमेरिकेला हलवलं, तो काहीही गात होता. मग डिसेंबर १९६८ मध्ये एनबीसीवर त्याचा टीव्ही कार्यक्रम झाला, काळं चामड्याचं जाकीट घालून तो पुन्हा पेटला आणि लोकांना आठवलं की अरे, हा गातो!

आता पुढची रेकॉर्डिंग नेहमीप्रमाणे नॅशव्हिलला व्हायची होती. पण ग्रेसलँडमध्ये, म्हणजे त्याच्या घरी, मित्रांनी त्याला पटवलं की इथे मेम्फिस गावातच अमेरिकन साउंड नावाचा स्टुडिओ आहे, तिथे जा. १३ जानेवारी १९६९ च्या रात्री तो तिथे गेला. १९५५ मध्ये सन स्टुडिओ सोडल्यानंतर आपल्या गावात रेकॉर्डिंगला उभं राहायची त्याची ही पहिलीच वेळ.

स्टुडिओ चिप्स मोमन या निर्मात्याचा. ठरलेले वादक: गिटारवर रेजी यंग, ड्रम्सवर जीन क्रिसमन, पियानो बॉबी वूड, ऑर्गन बॉबी एमन्स, बेसवर टॉमी कॉगबिल आणि माइक लीच. ही मंडळी वर्षानुवर्षं एकत्र वाजवत होती. आणि मोमन एल्विसला सरळ सांगायचा की इथे सूर गेला, पुन्हा घेऊ. एल्विसच्या गोतावळ्याला हे बघून घाम फुटायचा, कारण त्याला असं कोणी बोलतच नसे. एल्विसने मात्र मुकाट्याने पुन्हा गायलं.

म्हणून माझं मत: हा अल्बम एल्विसपेक्षा मोमनचा जास्त आहे. आवाज तोच होता, १९६५ मध्येही होता. बदलला तो समोर बसलेला माणूस. तुम्हाला काय वाटतं?

रानवारा

मला एल्विस म्हणजे पांढरा सूट आणि भली मोठी कॉलर एवढंच माहीत. कुठल्या गाण्यापासून सुरू करू?

टेपडेक

@रानवारा, पहिल्यापासून, क्रमाने. ‘वेअरिन दॅट लव्ह्ड ऑन लुक’. त्याची पहिलीच ओळ अशी आहे की मला काही दिवस गाव सोडून जावं लागलं होतं. तेरा-चौदा वर्षांनी गावात गायला आलेल्या माणसाने अल्बम या ओळीने उघडावा! आणि तो ही ओळ म्हणतो तेव्हा आवाज घशातून खरवडत येतो. सर्दी झालेली होती त्याला.

पंतोजी

टेपडेकराव, तुमच्या लेखनाबद्दल आदर आहे, पण मूळ विधान साफ अमान्य.

२ जुलै १९५६, न्यूयॉर्क, आरसीए या त्याच्या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ. ‘हाउंड डॉग’चे तीसेक टेक झाले. कोणी करवले? कंपनीचा स्टीव्ह शोल्स तिथे हजर होता, पण ‘पुन्हा’ म्हणत होता तो एकवीस वर्षांचा एल्विस. नंतर सगळे टेक ऐकत बसून कुठला ठेवायचा तेही त्यानेच ठरवलं. ज्याला तुम्ही मोमनचं देणं म्हणता ते या माणसाकडे पहिल्यापासून होतं.

दुसरं उदाहरण १९६६ चं. नॅशव्हिलला ‘हाउ ग्रेट दाऊ आर्ट’ हा भक्तिगीतांचा अल्बम त्याने केला, निर्माता फेल्टन जार्विस. त्याला ग्रॅमी मिळालं. सिनेमाचा चिखल ऐन भरात असतानाची गोष्ट आहे ही. म्हणजे गाणं मनापासूनचं असलं की मोमन नसतानाही एल्विस गात होता. तुमचं म्हणणं म्हणजे सचिनच्या शतकाचं श्रेय पिच तयार करणाऱ्याला.

ढोलकीवाला

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. 😀

भैरवी२२

पंतोजी, पिचचं उदाहरण इथे बसत नाही. मी गाते (शास्त्रीय शिकते, कार्यक्रम भावगीतांचे करते), म्हणून अनुभवातून सांगते.

चार वर्षांपूर्वी आम्ही आठ गाण्यांचा एक छोटा संच केला. रेकॉर्डिंगला गेले तर प्रत्येक टेकनंतर काचेपलीकडून “सुंदर, सुंदर, ओके”. एका अंतऱ्याची शेवटची ओळ ‘गेला’ या शब्दावर संपत होती. मलाच काहीतरी खटकत होतं, पण ते म्हणाले, छान झालंय, उरलेलं आम्ही ट्यून करून घेऊ. रात्री बाईंना ऐकवलं. माझ्या गुरू, वय ७८. त्यांनी ती ओळ तीनदा लावायला सांगितली आणि म्हणाल्या, “तू ‘ला’वर पुढच्या ओळीसाठी श्वास राखून ठेवते आहेस. जो गेला त्याच्यासाठी तरी पूर्ण श्वास सोड.”

दुसऱ्या दिवशी जाऊन ती एक ओळ चौदा वेळा गायले. सूर पहिल्या टेकलाही बरोबर होता हो. पण फरक आकाशपाताळाचा.

एल्विससारख्या माणसाला दहा वर्षं भोवतालचे सगळे ‘सुंदर, सुंदर’च म्हणत होते. अशा वेळी ‘नाही’ म्हणणारा एक कान मिळणं ही साधी गोष्ट नाही. अल्बम अजून ऐकलेला नाही, ऐकून परत येते.

अबोली_के

भैरवीताई, काय लिहिलंत! ‘पूर्ण श्वास सोड’ वर थांबून गेले.

मेम्फिसकर

अरे वा, माझ्या गावावर धागा! नऊ वर्षं झाली इथे येऊन. इथल्या मराठी मंडळींकडे पाहुणे आले की ठरलेली फेरी असते: ग्रेसलँड, युनियन अव्हेन्यूवरचा सन स्टुडिओ, मॅक्लेमोर अव्हेन्यूवरचं स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीचं संग्रहालय आणि लोरेन मोटेल. अमेरिकन साउंडला कोणीच जात नाही, कारण जायला काही उरलेलंच नाही. ८२७ थॉमस स्ट्रीट, शहराच्या उत्तर भागात. मोमनने १९७२ मध्ये स्टुडिओ बंद केला आणि पुढे इमारतही पाडली गेली. आता नुसता एक फलक आहे.

आणि त्या जागेतून काय काय निघालंय! १९६७ ते १९७२ या काळात शंभरावर हिट गाणी. बॉक्स टॉप्सचं ‘द लेटर’, डस्टी स्प्रिंगफील्डचा मेम्फिसचा अल्बम, नील डायमंडचं ‘स्वीट कॅरोलाइन’. नील डायमंडने तर एल्विसला जागा मिळावी म्हणून आपल्या तारखा पुढे ढकलल्या होत्या.

स्टुडिओ दिसायला अगदी साधा, जुनाट. छतात उंदीर होते असं वादकांनी सांगून ठेवलंय. हॉलिवूडच्या चकचकीत स्टुडिओंतून आलेल्या माणसाला हीच जागा आवडली. मला हे फार पटतं. हा माणूस मेम्फिसच्या सरकारी वसाहतीत वाढलेला. त्याला ती हवा ओळखीची वाटली असणार.

साष्टीकर

वादकांबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो.

माझे पप्पा व्हायोलिन वाजवायचे. मडगावहून मुंबईला गेले आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात आयुष्य काढलं. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये मला लहानपणी एकदा घेऊन गेले होते. साठेक माणसं, प्रत्येकासमोर नोटेशनचा कागद, गाणारी व्यक्ती वेगळ्या केबिनमध्ये आणि सगळं एकाच वेळी रेकॉर्ड. शेवटच्या ओळीत एकाचा गज चुकला तरी सगळ्यांनी पहिल्यापासून. घरी आल्यावर पप्पांचा उजवा खांदा आई गरम पाण्याने शेकायची.

अमेरिकन साउंडची पद्धत उलटी. आधी पाच-सहा वादक आणि गायक. कागदावर फारसं काही नाही. डेमो ऐकायचा आणि आपलं आपलं काय वाजवायचं ते शोधायचं. व्हायोलिनं आणि ब्रास नंतर चढवले. त्याची मांडणी ग्लेन स्प्रीन आणि बेस वाजवणारा तोच माइक लीच यांची. ज्या माणसाने गाण्याचा तळ वाजवला त्यानेच वरचे व्हायोलिन लिहिले, म्हणून ते कुठेही आवाजाच्या अंगावर येत नाहीत. ‘एनी डे नाऊ’ ऐका.

तेव्हा माझं मत: अल्बम त्या सहा वादकांचा. एल्विसचाही नाही आणि मोमनचाही नाही.

पंतोजी

म्हणजे आता तिसरा उमेदवार उभा राहिला. 😀 पण साष्टीकर, प्रतिसाद अप्रतिम. वडिलांबद्दल वेगळा धागा काढाच.

ढोलकीवाला

+१. साष्टीकर, धागा काढल्याशिवाय सोडणार नाही तुम्हाला.

कागदपत्री

सगळे सुरांत रंगलेत, म्हणून व्यवहाराची बाजू मांडतो. कॉपीराइटच्या कामात आहे.

सिनेमाच्या काळात गाणी इतकी सुमार का होती? एल्विसची गाणी बहुतांशी हिल अँड रेंज या प्रकाशन कंपनीच्या मार्फत यायची. अट अशी, की एल्विसने तुमचं गाणं गायला हवं असेल तर तुमच्या हक्काच्या उत्पन्नातला वाटा सोडा. सुरुवातीला लोक आनंदाने सोडायचे, कारण एल्विस गाणार म्हणजे लाखोंनी खप. खप घसरल्यावर चांगले गीतकार म्हणाले, कशाला? मग उरली ती कारखान्यातली गाणी. १९६७ मध्ये ‘गिटार मॅन’ या गाण्याच्या वेळी त्याचा गीतकार जेरी रीडनेही वाटा द्यायला नकार दिला होता.

आता जानेवारी १९६९. मार्क जेम्सचं ‘सस्पिशस माइंड्स’ मोमनच्या प्रकाशनाकडे होतं. एल्विसची माणसं वाटा मागायला लागली. मोमनने सांगितलं, तुमच्या टेप उचला आणि चालते व्हा. आरसीएचे हॅरी जेनकिन्स मोमनच्या बाजूने उभे राहिले आणि गाणं झालं. १ नोव्हेंबर १९६९ ला ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. एल्विसच्या हयातीतलं तिथलं शेवटचं पहिल्या क्रमांकाचं गाणं.

मोमनचं खरं काम मला इथे दिसतं. सूर सांभाळणारे पुष्कळ भेटतात. कमाईवर पाणी सोडायची तयारी ठेवून ‘चालते व्हा’ म्हणणारा क्वचित.

रानवारा

पण ‘सस्पिशस माइंड्स’ अल्बममध्ये दिसत नाही मला. बारा गाणी मोजली.

टेपडेक

नाहीच आहे. तीसहून जास्त गाणी झाली होती, त्यातली बारा यात घेतली. ‘सस्पिशस माइंड्स’ ऑगस्टमध्ये सुटी रेकॉर्ड म्हणून आलं. उरलेल्यांतली दहा वर्षाच्या शेवटी एका जोडअल्बममध्ये आली. त्यातली एक तबकडी लास वेगासच्या कार्यक्रमाची. मला विचाराल तर ‘सस्पिशस माइंड्स’ इथे नाही ते बरंच झालं. ते एवढं मोठं गाणं आहे की बाकीच्या अकरांकडे कोणी बघितलं नसतं.

आणखी एक. त्या गाण्यात शेवटी आवाज हळूहळू विरतो आणि परत वर येतो, ते जार्विसने नंतर केलेलं. मोमनला ते अजिबात आवडलं नव्हतं. मलाही आवडत नाही.

चहाटळ

वेगळा सूर लावतो. अल्बम ऐकला. छान आहे, पण यातली अर्धीअधिक गाणी तर दुसऱ्यांचीच! ‘आय अ‍ॅम मूव्हिन ऑन’ हँक स्नोचं १९५० चं, ‘जेंटल ऑन माय माइंड’ जॉन हार्टफर्डचं, ‘एनी डे नाऊ’ आधी चक जॅक्सनने गायलेलं, ‘ओन्ली द स्ट्राँग सर्व्हाइव्ह’ जेरी बटलरचं, तेही त्याच वर्षीचं ताजं. मग यात एल्विसचं काय?

भैरवी२२

चहाटळ, बंदिशी तरी कुठे आपल्या असतात? शंभर जणांनी गायलेली बंदिश घेऊनच आपण बसतो. ती ‘कोणाची’ हा प्रश्न कोणी विचारत नाही, ‘कशी मांडली’ हे विचारतात.

पंतोजी

अनुमोदन. आणि यादी बघा: हँक स्नो गोऱ्यांच्या कंट्री संगीतातला, जेरी बटलर आणि चक जॅक्सन काळ्यांच्या सोल संगीतातले. १९६९ मध्ये अमेरिकेतली रेडिओ स्टेशनंसुद्धा या दोन्हींना शेजारी बसवत नव्हती. या अल्बममध्ये ही गाणी एकत्र येतात आणि सांधा दिसत नाही. हे करू शकणारा आवाज एकच. (आता तरी श्रेय द्या त्याला!)

गिरगावचा_नाना

मी इथे वाचतो जास्त, लिहितो कमी. पण हा अल्बम मी तो निघाल्यावर वर्षभरातच ऐकलेला आहे, म्हणून राहवत नाही.

तेव्हा कॉलेजात होतो. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये काचेच्या केबिनमध्ये उभं राहून रेकॉर्ड ऐकता यायची. खिशात विकत घ्यायचे पैसे नसत, तरी आम्ही तिघे मित्र गिरगावातून चालत जायचो. शम्मी कपूरमुळे एल्विस आम्हाला ठाऊक होता, आणि नाचरा एल्विसच हवा होता. तो विक्रेता भला माणूस, त्याने शेवटचं गाणं लावलं. ‘इन द घेटो’.

घेटो हा शब्द आम्हाला माहीत नव्हता. गाणं शिकागोतल्या एका मुलाचं. गरीब वस्तीत जन्मतो, भुकेला राहतो, चोरी शिकतो, बंदूक घेतो, मरतो. आणि त्याच वेळी तिथेच आणखी एक मूल जन्माला येतं. आमच्यातला एक जण गिरणगावातल्या खोलीत नऊ माणसांत राहायचा. तो काही न बोलता बाहेर फुटपाथवर जाऊन उभा राहिला. तिथून मरीन लाइन्सपर्यंत आम्ही तिघे गप्प चालत आलो. मित्र आता नाही. गाणं लागलं की मला तो फुटपाथ दिसतो.

मेम्फिसकर

नाना, नमस्कार. तुमच्या प्रतिसादानंतर लिहायला हात धजत नव्हता.

एवढीच भर घालतो की हे गाणं मेम्फिसमध्ये रेकॉर्ड झालं जानेवारी १९६९ मध्ये. त्याआधी नऊ महिने, ४ एप्रिल १९६८ ला, याच गावात लोरेन मोटेलच्या गॅलरीत मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली होती. सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला ते आले होते. एल्विसने राजकारणाला चिकटेल असं काही गाऊ नये असं त्याच्या माणसांचं मत होतं. तोही बिचकत होता. मोमन म्हणाला, तुला नको असेल तर मी दुसऱ्या कोणाला देतो. मग एल्विसने ते घेतलं. मॅक डेव्हिसचं गाणं, तेवीस टेक.

ते अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. अल्बम तिकडे तेरावा, पण ब्रिटनमध्ये पहिला.

अबोली_के

तेवीस टेक, आणि एकदाही रडका सूर नाही. किती संयमाने गायलंय! आज तीनदा ऐकलं.

कागदपत्री

पंतोजींना एक प्रश्न. सगळं एल्विसमध्येच होतं, तर मग पुढे काय झालं? फेब्रुवारी १९६९ नंतर तो मोमनकडे परत गेलाच नाही. १९७६ मध्ये तर ग्रेसलँडच्या जंगल रूममध्ये, छतालासुद्धा हिरवा गालिचा लावलेल्या त्या खोलीत, रेकॉर्डिंगची यंत्रणा आणून बसवावी लागली, कारण तो घराबाहेर पडायला तयार नव्हता. तिथे त्याला ‘पुन्हा घे’ म्हणणारं कोण होतं?

पंतोजी

प्रश्न रास्त आहे. प्रामाणिकपणे सांगतो, याला माझ्याकडे उत्तर नाही. जंगल रूममधलीही काही गाणी मला जीव लावतात, पण त्यात १९६९ ची भूक नाही.

भैरवी२२

आले परत. तीन दिवस ऐकतेय, हेडफोनवर, डोळे मिटून.

‘लाँग ब्लॅक लिमोझिन’बद्दल आधी. गावातली मुलगी शहरात जाते, म्हणते की परत येईन तेव्हा मोठ्या गाडीतून येईन. येते ती शववाहिकेतून. पहिल्या रात्री केलेलं गाणं आहे हे. आवाज बसलेला आहे आणि तो ते लपवत नाही. वरच्या सुरावर जाताना आवाज फाटतो, तिथे तो मागे हटत नाही, उलट जोर लावतो. बाईंनी मला ‘पूर्ण श्वास सोड’ म्हटलं होतं ना, ते इथे ऐकू येतं. हे कोणी सांगून होत नाही.

पण मला धरून ठेवलं ते ‘आय विल होल्ड यू इन माय हार्ट’ने. साधं जुनं गाणं, एडी अर्नॉल्डचं. पियानोवर एल्विस स्वतः बसलाय. त्याच दोन-चार ओळी तो पुन्हा पुन्हा गातो. दर वेळी दुसऱ्या शब्दावर थांबतो, कधी ओळ ओढतो, कधी अर्ध्यात टाकतो. ठुमरीत बोल बनवतात ना, तेच. दोन मिनिटांत संपायला हवं असं गाणं साडेचार मिनिटं चालतं. वादक नुसते त्याच्या मागे मागे जातात, पुढचं वळण कोणालाच माहीत नाही हे ऐकू येतं.

टेपडेक, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. सूर गेला की थांबवणारा मोमन या गाण्यात काचेपलीकडे बसूनच होता. पियानोचे स्वर इथे जरा ओबडधोबड आहेत, आवाज घसरतो. त्याने थांबवलं नाही. टेप चालू ठेवली.

साष्टीकर

बरोबर सांगितलंत. आणि वादकांनीही कोणी गाणं आटोपतं घेतलं नाही. जीन क्रिसमनचे ड्रम्स ऐका त्यात, नुसता पाया धरून बसलाय.

टेपडेक

हे गाणं मी पंधरा दिवस ‘जरा लांबलेलं’ म्हणून पुढे ढकलत होतो. काल रात्री भैरवीताईंचा प्रतिसाद वाचून दिवे बंद करून ऐकलं. आता धाग्याच्या शीर्षकातला ‘की’ काढून ‘आणि’ करायला हवा, आणि साष्टीकरांची सहा माणसंही त्यात हवीत. संपादन करायची मुदत संपली आहे, म्हणून इथेच लिहितो. पंतोजी, ‘जास्त मोमनचा’ हे विधान मागे घेतलं.

पंतोजी

आणि मी पिचचं उदाहरण मागे घेतो.

मेम्फिसकर

शनिवारी थॉमस स्ट्रीटला जातोय, मुलीला घेऊन. फलकाचा फोटो टाकतो. गाडीत हाच अल्बम लावणार आहे.

रानवारा

आज सगळी बारा गाणी पूर्ण झाली. नानांचा प्रतिसाद वाचल्यापासून शेवटचं गाणं मुद्दाम राखून ठेवलं होतं. ते संपल्यावर बराच वेळ बसून राहिलो. आता पहिलं पुन्हा लावलंय.